सांगशाकला वळसा

1944 च्या ब्रह्मदेश आघाडीबद्दल वाचायला घेतलं की एक प्रश्न हमखास वाटेत येतो. जपानी सेनापती कोतोकू सातो कोहिमाच्या टेकडीशी झुंजत बसला नसता आणि सरळ दिमापूरवर उतरला असता तर? प्रश्नात वजन आहे. दिमापूरला आसामच्या रेल्वेला लागून सुमारे अठरा किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद असं रसदीचं भांडार पसरलेलं होतं. तांदूळ, पेट्रोल, दारूगोळा, औषधं, सगळं तिथे. इम्फाळच्या ब्रिटिश-भारतीय फौजा त्यावर जगत होत्या, आणि चीनला सामान पोचवणाऱ्या विमानतळांचा जीवही त्याच रेल्वेत अडकलेला होता. त्या फौजांचे सेनापती जनरल स्लिम यांनी तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं, जेवायला किती माणसं आहेत? पंचेचाळीस हजार. त्यातली लढायला किती मिळतील? बंदूक चालवता येणारी पाचशे मिळाली तर मिळतील. हा संवाद स्लिमनीच लिहून ठेवला आहे. कोहिमापासून दिमापूर सुमारे 74 किलोमीटर, आणि रस्ता उताराचा.

सातोचा वरिष्ठ सेनापती मुतागुची, त्याला दिमापूर हवंच होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर त्याने सातोला तसा हुकूम दिलाही, पण रंगूनहून ब्रह्मदेशातल्या जपानी फौजांचा प्रमुख कावाबे याने तो रद्द केला. म्हणून जर-तरचा सगळा खेळ या हुकुमाभोवती फिरतो. सातो कल्पनाशून्य होता, कावाबे भित्रा होता, वगैरे.

मला हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारलेला वाटतो. आणि तसं वाटायला लागलं ते पुस्तकं वाचून नाही, डाव मांडून. पटावर ही मोहीम खेळताना वळणाची जागा मला कोहिमापासून बरीच अलीकडे, पूर्वेला सापडली. दोन आठवडे आधी, उखरुलजवळच्या सांगशाक नावाच्या तांगखुल नागा गावात.

सांगशाकला काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण कोहिमाच्या मानाने ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. 15 मार्चच्या रात्री सातोच्या फौजेने चिंदविन नदी ओलांडायला सुरुवात केली. सातोच्या 31 व्या डिव्हिजनचा डावा हात मेजर जनरल मियाझाकीच्या ताब्यात होता. त्यात मुख्यतः 58 वी रेजिमेंट. त्यांच्या वाटेवर 50 वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती, जी खरं तर जंगलातल्या सरावासाठी तिथे आलेली होती. पुढच्या चौकीवरची तिची एक कंपनी जवळजवळ संपली. मग ब्रिगेडियर होप-थॉमसन यांनी उरलेली माणसं सांगशाकच्या टेकडीवर गोळा केली. त्यांच्या जोडीला होती 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची 4 थी बटालियन. टेकडी खडकाळ, खंदक तीन फुटांच्या खाली जाईनात. काटेरी तार नाही. पाण्याचा ठणठणाट. विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या बाजूला पडायची. 22 मार्चच्या संध्याकाळपासून 26 च्या रात्रीपर्यंत ही माणसं तिथे टिकली, मग हुकूम आल्यावर अंधारातून वाट काढत इम्फाळकडे निघाली.

आता यातली खोच अशी की सांगशाक मियाझाकीच्या हद्दीत नव्हतंच. तो भाग शेजारच्या 15 व्या डिव्हिजनला नेमून दिलेला होता. मियाझाकीला कोहिमाकडे जायचं होतं. पण बगलेवर एवढा शत्रू सोडून कसं जायचं, म्हणून तो वळला, आणि तोफा पोचायची वाटही न पाहता त्याने हल्ला चढवला. त्यात त्याचा जवळपास एक आठवडा गेला आणि शेकड्यांनी माणसं गेली. त्याच आठवड्यात आराकानच्या आघाडीवरून विमानांनी आणलेल्या ब्रिटिशांच्या 161 व्या ब्रिगेडची माणसं दिमापूरला उतरत होती.

म्हणून आमचा डाव 22 मार्चला दुपारी सुरू होतो. मियाझाकी उखरुलमध्ये आहे. दक्षिणेला सांगशाकवर हालचाल दिसते आहे. वळायचं, की वळसा घालून पुढे जायचं? मी जपानी बाजू घेतली होती आणि मी वळसा घातला.

या खेळाची रचना जरा सांगायला हवी. मोठा पट म्हणजे चिंदविनपासून दिमापूरपर्यंतचा नकाशा, त्यावर षटकोनी घरं. एक फेरी म्हणजे एक दिवस. प्रत्येक बटालियनसाठी लाकडाचा एक चौकोनी ठोकळा, उभा ठेवलेला. ठोकळ्याच्या माझ्याकडच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर बटालियनचं नाव, आणि चारही कडांना ताकदीचे आकडे. वरच्या कडेला जो आकडा तो आजचा. मार बसला की ठोकळा एका कडेवर फिरवायचा, वर कमी आकडा येतो. समोरच्याला नुसती लाकडाची पाठ दिसते. ती पूर्ण बटालियन आहे, की अर्धमेली, की नुसता चकवा म्हणून उभा केलेला कोरा ठोकळा, हे भिडल्याशिवाय कळत नाही. आणि दोन ठोकळे एका घरात आले की मोठा पट तसाच ठेवून बाजूच्या टेबलावर ती चकमक लहान शिपायांनिशी खेळायची.

आमचा पंच कडक आहे. युद्धखेळात पंच ही जुनी परंपरा. प्रशियाच्या सैन्यात 1824 मध्ये राइसवित्झने जो खेळ रुजवला त्यातही दोन्ही बाजू पंचाला लेखी हुकूम देत आणि पंच त्यांना दिसेल तेवढंच दाखवी. आमच्या पंचाने त्यात भर घातली ती अशी: डोंगरात निरोप पोचायला वेळ लागतो, म्हणून हुकूम तीन दिवस आधी लिहून द्यायचा. आज काय वाटतं त्याला किंमत नाही. तीन दिवसांपूर्वी काय वाटलं होतं तेच आज घडणार.

पटावरचा डाव आणि पुस्तक यांतला फरक मला इथे कळला. वाचताना मियाझाकीचं वळणं हा घिसाडघाईचा निर्णय वाटतो. लिहिणाऱ्यानेच ठरवून टाकलेलं असतं की हा आठवडा फुकट गेला. पण समोर सांगशाकवर तीन-चार लाकडी पाठी उभ्या आहेत, त्यातली कुठली कोरी हे ठाऊक नाही, आणि पुढचे तीन दिवस आत्ता कागदावर उतरवायचे आहेत, अशा वेळी हात आपोआप दक्षिणेकडे जातो. बगलेवर अनोळखी माणूस ठेवून घाटात शिरायला मन घेत नाही. मी वळसा घातला तो धाडसी होतो म्हणून नाही. पुढे काय झालं होतं ते मला माहीत होतं म्हणून. इतिहास माहीत असणं हीच या खेळातली सगळ्यात मोठी ताकद आहे, आणि ती कुठल्याच ठोकळ्यावर छापलेली नसते.

मी एक बटालियन उखरुलला मागे ठेवली, सांगशाकवर नजर ठेवायला. बाकीच्या दोन घेऊन उत्तर-पश्चिमेला निघालो. माझ्यासमोर बसलेल्या मित्राने पंचाकडे चिठ्ठी सरकवली. तिच्यात काय होतं ते मला तीन फेऱ्यांनी कळलं.

इथे जपानी रसदीबद्दल सांगायला हवं. 31 व्या डिव्हिजनने साधारण तीन आठवड्यांचं अन्न बरोबर घेतलं होतं. मुतागुचीचा हिशेब असा की तोवर शत्रूची भांडारं हाती लागतील, मग काय चिंता. मांस म्हणून हजारो बैल चालवत आणले होते, ओझंही त्यांच्याच पाठीवर. त्यातले कित्येक चिंदविनमध्ये वाहून गेले, कित्येक कड्यांवरून पडले. शेतातल्या बैलाला असा डोंगर चढायची सवय नसते हे सांगायला सेनापती लागत नाही. ज्याने बैल पाळला आहे तो कुणीही सांगेल. आमच्या नियमांत प्रत्येक बटालियनला शिधा म्हणून तांदळाच्या रंगाच्या चकत्या दिलेल्या असतात. रोज एक जाते. मागून बैलांचा तांडा पोचला तर भर पडते, नाहीतर नाही. चकत्या संपल्या की ठोकळा रोज एका कडेवर फिरतो, शत्रूने हात न लावता.

माझ्या तांड्याची वाट उखरुलच्या उत्तरेला एका खिंडीतून जात होती. त्या घराला नकाशावर नाव नाही. मित्राच्या चिठ्ठीत होतं: सांगशाकहून एक बटालियन रात्रीची बाहेर काढून त्या खिंडीवर पाठवणे. ठोकळा उलटला तेव्हा समोर आली 4 थी मराठा.

बाजूच्या टेबलावर जंगल मांडलं. स्पंजाच्या टेकड्या, शेवाळाची झाडी, मधून बोटभर रुंदीची पायवाट. आमच्या जंगलाच्या नियमांत सगळ्यात महत्त्वाचा आकडा बंदुकीच्या टप्प्याचा नाही, नजरेचा आहे. वाळवंटातल्या लढाईत टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला मारा करता येतो. इथे दोन तुकड्या वीतभर अंतरावर आल्याशिवाय एकमेकींना दिसतच नाहीत. त्याआधी फक्त उपड्या चकत्या सरकत असतात. कुणाची हालचाल आधी, हे पत्ते ओढून ठरतं, त्यामुळे आपली पाळी कधी येईल ते ठाऊक नसतं. तांड्याचे बैल म्हणजे तपकिरी रंगवलेले लाकडाचे तुकडे, एकामागे एक. पुढे माझी एक पलटण, मागे दुसरी, आणि मध्ये लांबच लांब काहीच नाही. घाटवाटेवर तांडा असाच चालतो. दोघांना शेजारी चालायला जागाच नसते.

पहिले दोन पत्ते माझे आले. मी पुढची पलटण वळणापलीकडे नेली, आणि ती बैलांच्या नजरेआड झाली. तिसरा पत्ता मित्राचा. त्याने वाटेच्या वरच्या अंगाची एकच चकती उलटी केली. ब्रेन गन, म्हणजे हलकी मशीनगन. मधल्या मोकळ्या भागाच्या बरोबर डोक्यावर. माझ्या पुढच्या पलटणीला गोळीबार ऐकू आला म्हणून परत फिरायला फासा टाकायचा होता, तो पडला एक. ती जागच्या जागी थांबून राहिली, कारण आवाज कुठून येतो हे झाडीत कळत नाही, आणि नियमाने ते अगदी बरोबर धरलं होतं. मागची पलटण पोचली, तिने दोनदा चढाई केली, शेवटी मराठ्यांना वर रेटलंही. टेबलावर तसं पाहिलं तर मी जिंकलो. वाट माझ्या ताब्यात राहिली. पण बैलांचे तुकडे निम्म्याहून जास्त काढून ठेवावे लागले.

त्या खेळीत माझी अवस्था विचित्र होती, आणि ती मी सांगणार आहे. माझे ठोकळे जपानी होते. तरी ब्रेन गनच्या मागचा तो बोटाच्या पेराएवढा शिपाई कुठल्या मुलखातून आला असेल हे मला न सांगता कळत होतं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी. त्याच महिन्यात मियाझाकीच्या दक्षिणेला आझाद हिंद सेनेच्या तुकड्या जपान्यांबरोबर चालत होत्या. चिन टेकड्यांत शाहनवाज खान यांची पहिली गनिमी रेजिमेंट होती, आणि 14 एप्रिलला मोइरांगला तिरंगा फडकला. म्हणजे दोन्हीकडे आपलीच माणसं, आणि दोन्हीकडच्यांचं बोलणं एकमेकांना कळत होतं. मोहिमेच्या पटावर आझाद हिंद सेनेला अनेकदा दुबळा आकडा दिलेला दिसतो. मला तो आकडा पुरेसा वाटत नाही. शस्त्रं, औषधं, वाहतूक यांची कमतरता त्यात बरोबर बसते. माणूस कशासाठी चालतो आहे ते बसत नाही. मित्राचं म्हणणं असं की खेळाने तिकडे जाऊच नये. आमचा हा वाद मिटलेला नाही.

तर माझ्या दोन बटालियन 28 मार्चला कोहिमाला पोचल्या. खऱ्या इतिहासात 58 वी रेजिमेंट तिथे 3-4 एप्रिलला आली. पटावर मला कोहिमाची धार जवळजवळ मोकळी मिळाली. आजारातून उठलेले शिपाई, आसाम रायफल्सची काही माणसं, एवढंच. जिथे पुढे कित्येक आठवडे डेप्युटी कमिशनरच्या टेनिस कोर्टच्या दोन्ही कडांवरून हातगोळे फेकले गेले, ती टेकडी मी एका फेरीत घेतली. पुस्तकातला जर-तर इथे टाळ्या वाजवून थांबतो. पंच थांबला नाही. त्याने विचारलं, चकत्या किती?

मोजल्या. पुढे जायचं तर तोफा मागे ठेवायच्या, कारण त्यांना ओढणाऱ्या जनावरांनाही चारा लागतो. थांबायचं तर कोहिमाच्या भांडारात मिळेल ते खायचं आणि सातोच्या बाकीच्या फौजेची वाट पाहायची. ती जेसामी आणि खारासोमला आसाम रेजिमेंटशी भिडलेली होती. मी पुढे गेलो. झुब्झा ओलांडलं, घाट उतरून निचुगार्डपाशी आलो. तिथून सपाटी दिसते. तिथे 161 व्या ब्रिगेडचा पहिला ठोकळा तोफांसकट उभा होता आणि माझ्याकडे तोफ नव्हती. तीन फेऱ्या मी रस्ता अडवून धरला, रेल्वेवर एक धाडही घातली. चौथ्या फेरीला चकत्या संपल्या आणि ठोकळे आपापले फिरायला लागले.

डाव संपल्यावर मित्र म्हणाला, "ते बैल पोचले असते तर तू दिमापुरात जेवायला बसला असतास." मलाही तसंच वाटतं. तांडा सुखरूप आला असता तर तोफा आल्या असत्या, आणि 29-30 तारखेला दिमापूरच्या कडेला उभी असलेली ती एक ब्रिगेड मला अडवू शकली नसती. म्हणजे वळसा घालूनही सांगशाक सुटलं नाही. टेकडीवर बसलेली माणसं टेकडीवर नसती तर खिंडीत असती. त्यांना बाजूला ठेवून इतिहास बदलता येईल हा माझा समज होता. कागदावर तो किती स्वच्छ दिसतो!

आणि हे सगळं जपान्यांना आधी कळलं नव्हतं असंही नाही. जून 1943 मध्ये रंगूनला त्यांच्या अधिकाऱ्यांनी हीच मोहीम नकाशावर खेळून पाहिली होती. मुतागुचीची योजना तिथे मांडली गेली आणि रसदीच्या मुद्द्यावर तिला कडाडून विरोध झाला. दक्षिण सेनेच्या मुख्यालयातले इनादा त्यात आघाडीवर होते. तरी ती पुढे सरकत गेली आणि जानेवारी 1944 मध्ये टोकियोने मंजुरी दिली. मिडवेच्या आरमारी लढाईआधीही असंच घडलं होतं. नकाशावरच्या खेळात जपानी विमानवाहू नौका बुडाल्या, आणि प्रमुख पंच असलेल्या उगाकीने मार कमी धरून त्यातली नौका पुन्हा तरंगवली. हे वाचून मला राग येतो. पट मांडायचा, त्याला प्रश्न विचारायचा, आणि उत्तर नको ते आलं की फासा उचलून पुन्हा टाकायचा. आमच्या टेबलावर असं कुणी केलं तर डाव तिथेच थांबेल. तिथे मात्र त्या फाशापाठी तीन डिव्हिजन होत्या. मे महिन्यात पाऊस धरला तेव्हा त्यातली माणसं गवत आणि कोंब उकडून खात होती, आणि सातोने हुकूम मोडून आपली डिव्हिजन मागे घेतली. सातोला कल्पनाशून्य म्हणणाऱ्यांनी त्याच्या या निर्णयाकडेही पाहावं. माझ्या मते ती त्या मोहिमेतली जपानी बाजूची सर्वांत शहाणी चाल होती.

आमच्या पटात एक मोठी उणीव आहे. नागा माणसं त्यात नाहीत. नियमांत एक ओळ आहे: जंगलातली वाट माहीत असलेल्या बाजूला एक घर जास्त. ती ओळ म्हणजे गावोगावची माणसं. त्यांनी वाटा दाखवल्या, बातम्या आणल्या, गोळीबारात जखमींना डोलीतून उतरवलं. आणि गावं त्यांचीच जळाली. कोहिमाचं नागा गाव या लढाईत उद्ध्वस्त झालं. सांगशाकमध्ये तर ज्या चर्चच्या भोवती सर्वांत भयंकर झटापट झाली, ते गावकऱ्यांचं रविवारचं चर्च होतं. आपण पटावर एक घर जास्त चालतो तेव्हा कुणाच्या पाठीवर चालतो आहोत हे दिसलं पाहिजे. मी पंचाला सुचवलं की प्रत्येक गावासाठी एक चकती ठेवू, दोन्ही फौजा तिथून तांदूळ घेतील तशी ती कमी होईल, आणि ज्याने घेतला त्याच्या बाजूने वाटाड्या जाणार नाही. तो म्हणाला, खेळ जड होईल. झाला तर होऊ दे. 1944 मध्ये तो जडच होता.

सांगशाकच्या माणसांना तेव्हा शाबासकी मिळाली नाही. ब्रिगेड मोडली म्हणून होप-थॉमसन यांना हटवलं गेलं. त्या आठवड्याने काय साधलं याची कदर स्लिमकडून नंतर झाली. पण लढाईच्या पहिल्याच रात्री एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्यापाशी नकाशा सापडला होता. त्यावर 31 व्या डिव्हिजनच्या वाटा काढलेल्या होत्या, आणि त्या कोहिमाला जात होत्या. एवढी मोठी फौज त्या डोंगरातून येऊच शकत नाही असं तोवर सगळे धरून चालले होते. त्याची नक्कल घेऊन ब्रिगेडचा एक अधिकारी जपानी वेढ्यातून इम्फाळला जाऊन आला, एकदा नाही, दोनदा.

पुढचा डाव आम्ही त्यावरच लावणार आहोत. सांगशाकची लढाई जशीच्या तशी होते, फक्त नकाशा सापडत नाही. मित्र जपानी बाजू घेईल, मी दिमापूरला बसेन. पंचाने आधीच सांगून ठेवलं आहे की मला पहिले चार दिवस पूर्वेकडचा एकही ठोकळा दिसणार नाही, आणि 161 वी ब्रिगेड कुठे उतरवायची ते मात्र पहिल्याच दिवशी लिहून द्यायचं. गावांच्या चकत्या त्याने मान्य केल्या आहेत.